तीनांतले दोन गुण

अनारशाच्या पिठाला हात लावण्याचा अधिकार आमच्या घरात एकट्या आत्याचा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाळवून कुटायचे, गुळात मळून ठेवायचे – यात कोणी लुडबूड केलेली तिला खपत नसे. अशी ही आत्या गेल्या भाद्रपदात अर्धी पोळी ताटात टाकून उठली, तेव्हाच खरे म्हणजे मी ओळखायला हवे होते.

पुढे चार घासांत तिचे पोट भरू लागले, आणि सकाळचे अन्न संध्याकाळी जसेच्या तसे उलटून पडू लागले. तपासणीत निघाले ते असे : स्वादुपिंडाच्या कर्करोगाने जठरापुढची आतड्याची वाट दाबून टाकली होती. रोग काढून टाकण्यापलीकडे गेला होता. आम्ही घरच्यांनी ठरवून टाकले, आत्याला कळू द्यायचे नाही. "आतड्याला सूज आहे," एवढेच सांगायचे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. मी मॅट्रिक झालेला मास्तर. पण त्यांनी कागदावर आकृत्या काढल्या, त्या फळ्यावरच्या आकृतीसारख्या समजल्या. पहिली वाट जुनी : शस्त्रक्रिया करून जठराला पुढचे आतडे जोडायचे. व्हिएन्नात वोल्फ्लर नावाच्या सर्जनने १८८१ साली ती केली. टिकाऊ, पण खंगलेल्या देहाला जड. दुसरी : तोंडावाटे दुर्बीण घालून दाबलेल्या जागी धातूची जाळीदार नळी बसवायची. ती आपोआप उमलते, एक-दोन दिवसांत माणूस पेज पिऊ लागतो. पण पुढे जाळीच्या भोकांतून रोग आत शिरतो आणि वाट पुन्हा बुजते. तिसरी नवी : दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते. तिने जठरातून पलीकडचे आतडे हेरायचे आणि दोहोंमध्ये डमरूच्या आकाराची आखूड नळी बसवायची. रोगाची जागा बाजूलाच राहते.

"हाँगकाँग, भारत, इटली, स्पेन अशा ठिकाणच्या ९७ रुग्णांवर या दोन नळ्यांची तुलना झाली," डॉक्टर म्हणाले. "२०२४ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांत जाळीवाल्यांपैकी शेकडा २९ जणांवर पुन्हा उपचार करावे लागले; डमरूवाल्यांपैकी शेकडा ४."

"मग प्रश्नच मिटला!"

"मिटत नाही, मास्तर. डमरू महाग, तो बसवणारे हात थोडे. नळी भलत्या जागी पडली तर कधी पोट उघडावं लागतं. आणि मुख्य प्रश्न – दिवस किती उरलेत? थोडे आठवडे असतील तर जाळी पुरे. महिने असतील तर टिकाऊ वाट हवी. जाळी की शस्त्रक्रिया, याची रेघ हॉलंडमधल्या २०१० च्या अभ्यासानं दोन महिन्यांवर ओढली होती. आत्यांना काय हवं आहे, ते विचारलंत?"

विचारले नव्हते. ज्या माणसाला दिवसांचा हिशेबच दाखवायचा नाही, त्याला विचारणार काय?

त्या रात्री मी आत्याच्या उशाशी बसून सगळे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळे एकाएकी गोड बोलायला लागलात ना, तेव्हाच कळलं होतं मला." मग थोड्या वेळाने : "पोट फाडू नका. दवाखान्याच्या पायऱ्याही पुन्हा पुन्हा चढवू नका. दिवाळीला मला आपल्या ओट्याशी बसायचंय."

आम्ही तिला पुण्याला नेऊन डमरू बसवून आणला.

माणसाला किती खाता येते, यालाही डॉक्टर लोक गुण देतात. काहीच जात नसेल तर शून्य, पातळ पदार्थांना एक, मऊ अन्नाला दोन, नेहमीच्या जेवणाला तीन. आत्या आधी पाण्यावर, मग पेजेवर, मग मऊभातावर आली. नरकचतुर्दशीला ओट्याशी बसून तिने माझ्या बायकोच्या अनारशांना चार नावे ठेवली आणि दुधात भिजवलेला एक तुकडा तोंडात टाकला.

"आत्या, दोन गुण," मी म्हणालो.

"कितीपैकी?"

"तीन."

"म्हणजे पास ना रे?"

आत्या फाल्गुनात गेली. रोगाने आपले काम केलेच. डमरूने तो बरा होणार नव्हता. पण त्या महिन्यांत ती उपाशी राहिली नाही, आणि आम्ही तिच्याशी खोटे बोललो नाही. यांतले दुसरे पथ्य सांभाळणे आम्हांला अधिक जड गेले.

यंदाचे पीठ माझ्या बायकोने मळले आहे. तांदळाचे पाणी मात्र तिन्ही दिवस मी बदलले.