युरोपला कोणत्या महिन्यात जावे? आधी प्रकृतीला विचारा



आसेगाव हे वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातले गाव. दवाखान्यात येणाऱ्या पेशंटशी गप्पा निघाल्या की त्या सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या बागेवर जातात. पण गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. आसपासच्या गावांतली मुले पुण्यात शिकली, आयटीत लागली आणि कंपनीने त्यांना जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडला पाठवले. आता ती मुले आईवडिलांना फिरायला बोलावतात. मग फाइल घेऊन काका-काकू येतात आणि विचारतात, "साहेब, जाऊ ना आम्ही? कोणत्या महिन्यात जावं?"

हे लोक बहुतेक साठीच्या आसपासचे असतात. कोणाला बीपी, कोणाला शुगर, कोणाला दमा, कोणाचे गुडघे दुखतात. विमानात बसण्याची ही पहिलीच वेळ असते आणि "एकदाच तर जायचं आहे" असे ते स्वतःच म्हणतात. महिना मात्र ठरलेला असतो मुलाच्या रजेवरून किंवा तिकिटाच्या दरावरून. ज्या शरीराला तिथे चालायचे आहे, त्याला कोणी विचारलेलेच नसते. म्हणून आज ऋतूंकडे टूर कंपनीच्या नव्हे, तर दवाखान्याच्या नजरेने पाहू.

एप्रिल आणि मेची सुरुवात: फुले सुंदर, पण दमेकऱ्यांनी जपावे

ॲमस्टरडॅमजवळच्या कोकेनहोफ बागेतली ट्यूलिपची फुले साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच पाहता येतात. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक टूर याच काळातल्या असतात. मुलांच्या परीक्षाही संपत आलेल्या असतात.

अडचण दोन गोष्टींची. पहिली थंडीची. आपल्याकडे पारा ४२ वर असताना तिथे सकाळी ५ अंश असू शकतात. एका दिवसात इतका फरक पडला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढते आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. ज्यांना चालताना छातीत भरून येते, त्यांना थंड वाऱ्यात हा त्रास लवकर होतो.

दुसरी अडचण परागकणांची. मध्य आणि उत्तर युरोपात एप्रिल-मेमध्ये बर्च नावाच्या झाडाचे पराग हवेत उडतात. त्यानंतर मे ते जुलै गवताचे पराग येतात. पहिल्याच भेटीत बर्चचा त्रास होईलच असे नाही, कारण ॲलर्जी व्हायला शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते. पण इथे गवत कापताना ज्यांना शिंका येतात, डोळे खाजतात किंवा धाप लागते, त्यांना तिथल्या गवताचाही त्रास होऊ शकतो. अशांनी रोजचा प्रतिबंधक पंप प्रवासापूर्वी आणि प्रवासात एकही दिवस चुकवू नये. बरे वाटले म्हणून पंप बंद करण्याची सवय इथे कशीबशी निभावते, परक्या देशात ती महागात पडते.

जुलै-ऑगस्ट: "तिथलं पस्तीस आम्हाले काय करन?"

हा प्रश्न मला फार वेळा ऐकायला मिळतो. "साहेब, आम्ही चव्वेचाळीसमधले माणसं!" बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

आपण उन्हाळा सोसतो तो शरीराच्या सवयीने आणि शहाणपणाने. दुपारी बारा ते चार आपण घराबाहेर पडत नाही. घरात पंखा असतो, कूलर असतो, डोक्याला दुपट्टा असतो, माठातले पाणी हाताशी असते. युरोपातली जुनी घरे मात्र थंडी बाहेर ठेवण्यासाठी आणि ऊब आत धरण्यासाठी बांधलेली आहेत. अनेक घरांत छताला पंखा नसतो, साध्या हॉटेलांत एसीही नसतो. आणि नेमक्या भर दुपारी आपण कुठल्यातरी चौकात तिकिटाच्या रांगेत उभे असतो, कारण टूरचे वेळापत्रक तसे असते.

२००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेमुळे ७०,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांत वृद्धांचे प्रमाण फार मोठे होते. २५ जुलै २०१९ ला पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदले गेले आणि जुलै २०२२ मध्ये इंग्लंडने पहिल्यांदाच ४० अंश ओलांडले. म्हणजे उन्हापासून पळून जावे आणि तिथेही ऊनच भेटावे, असे होऊ शकते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणाऱ्यांनी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि सत्तरीच्या पुढच्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये रोम, माद्रिद अशी दक्षिणेची शहरे टाळलेली बरी.

हिवाळा: हौसेसाठी नको, गरजेसाठी तयारीने

डिसेंबरात बर्लिनला सकाळी आठनंतर उजाडते आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलगा-सून कामावर, बाहेर अंधार, बोलायला कोणी नाही. गावात दिवसभर माणसांत वावरणाऱ्या माणसाला हे एकटेपण थंडीपेक्षा जास्त लागते. त्यात फ्लूचा मोसम. पदपथावर बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असतो. त्यावरून घसरून खुब्याचे हाड मोडले तर साठीनंतर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

पण सगळ्यांच्या हातात महिना नसतो. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण जानेवारीत असेल तर आई जाणारच, आणि तिने जावेही. अशा मावशींना मी एवढे सांगतो:

• फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. न्यूमोनियाची आणि बाळाजवळ राहायचे असल्याने डांग्या खोकल्याची लस लागेल का, तेही विचारा.
• रबरी, खाच असलेल्या तळव्यांचे बूट घ्या. साडीवर स्वेटर पुरत नाही, आतून थर्मल हवे. कान, नाक, तोंड झाकणारा मफलर हवा.
• अंगणातला बर्फ फावड्याने काढायला जाऊ नका. थंडीत अचानक केलेले जड काम हृदयाला झेपत नाही.
• शुगरमुळे पायाला बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर पायाजवळ घेऊ नका. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते.
• दुपारी उजेड असताना रोज थोडे बाहेर चाला. मनासाठी ते औषध आहे.

आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून वेगळे सांगतो. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे आणि उंच ठिकाणची विरळ हवा, या तिन्हींमुळे सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी हिवाळा आणि उंच डोंगर दोन्ही टाळावे आणि विमानात भरपूर पाणी प्यावे.

परतीची तारीखही महत्त्वाची

ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उन्हाची सवय ही शरीराने कमावलेली असते. घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जाते. थंड प्रदेशात दोन-तीन आठवडे राहिले की ही कमाई बरीचशी ओसरते आणि पुन्हा यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आता विचार करा. मेच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही गेलात आणि २५ मेला परत आलात. तिथे १५-२० अंशांत राहिलेले शरीर थेट आपल्या ४४ अंशांत उतरले. त्यात दुसऱ्याच दिवशी नात्यातले लग्न, मंडपात दुपारची पंगत. जाताना जो माणूस ऊन सोसत होता, तोच आता उष्माघाताच्या दारात उभा असतो. म्हणून तिकीट काढताना जाण्याच्या तारखेइतकेच येण्याच्या तारखेकडे पाहा.

मग नेमके कधी जावे?

माझ्या मते आपल्या भागातल्या, जुने दुखणे असलेल्या पण ते आटोक्यात असलेल्या माणसांसाठी दोन काळ चांगले.

पहिला, मेच्या मध्यानंतर निघून जूनच्या मध्यानंतर परतणे. तिथे दिवसा साधारण १८ ते २४ अंश असतात, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड राहतो. परत याल तेव्हा आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे नातवंडेही सोबत येऊ शकतात. अडचण शेतकऱ्यांची, कारण पेरणी तेव्हाच.

दुसरा, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. उन्हाचा जोर ओसरलेला, गवताचे पराग संपत आलेले, शाळा सुरू झाल्याने गर्दी कमी. सोयाबीन शेतात उभे असते आणि काढणीला अजून वेळ असतो. दमेकऱ्यांना मी हाच काळ सुचवतो. पोळा किंवा गणपती चुकतो, हे खरे. त्यावरून घरात थोडी बोलाचाली होते, पण धाप लागण्यापेक्षा ती परवडते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. स्वित्झर्लंडमधले युंगफ्राउयोख हे ठिकाण ३,४५४ मीटर उंच आहे. तिथे जूनमध्येही बर्फ असतो आणि श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. गाडी तुम्हाला काही तासांत वर नेते, शरीराला सवय करायला वेळच मिळत नाही. नुकताच हार्ट अटॅक आलेल्यांनी, छातीत दुखणे आटोक्यात नसलेल्यांनी आणि फुप्फुसाचा जुना गंभीर आजार असणाऱ्यांनी कोणत्याही ऋतूत वर जाऊ नये. पैसे भरलेत म्हणून जाऊ नये. खाली तळ्याकाठी बसून चहा घ्यावा.

निघण्यापूर्वी

• व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मला त्याच सुमारास भेटा, निघण्याच्या आदल्या दिवशी नको. शुगर, बीपी आटोक्यात आणायला वेळ लागतो.
• शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. पण जुन्या आजाराचा खर्च त्यात धरला आहे का, ते मुलाकडून नीट वाचून घ्या. इंग्लंड आणि आयर्लंड शेंगेनमध्ये येत नाहीत, त्यांचे नियम वेगळे.
• गोळ्या पूर्ण मुदतीच्या आणि वर आठवड्याच्या जास्त घ्या. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, आपल्या ब्रँडची नावे तिथे कोणाला कळत नाहीत.
• इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा. सामानात दिलेले गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन वापरायचे नसते.
• जर्मनी-फ्रान्सची घड्याळे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. जाताना दिवस लांबतो, म्हणून इन्सुलिनच्या वेळा आधी कागदावर लिहून घ्या. डोस मनाने बदलू नका.
• पाय लोंबकळत बसणे विमानात सुरू होत नाही, ते आसेगावातून गाडीत बसल्यापासूनच सुरू होते. मुंबईपर्यंतचा प्रवास आणि पुढचे आठ-नऊ तास मिळून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. दर एक-दीड तासाने उठा, पोटऱ्या हलवा, पाणी प्या.
• नवे बूट तीन आठवडे इथेच वापरा. रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करून चालणे वाढवा. तिथे दिवसाला सात-आठ किलोमीटर सहज होतात.

आयुष्यभर शेतात राबलेल्या, मुलांच्या फीसाठी बैल विकलेल्या माणसांनी मुलाचे परदेशातले घर पाहावे, नातवाचा हात धरून तिथल्या बागेत फिरावे, याचा मला डॉक्टर म्हणून आनंदच आहे. "या वयात कशाला?" असे मी कोणालाही म्हणत नाही. फक्त मुलांना विनंती आहे. तिकीट स्वस्त कधी मिळते हे पाहण्याआधी आईबाबांची फाइल एकदा उघडा. रजा महिनाभर पुढे-मागे करता येते. आईबाबांची प्रकृती तशी पुढे-मागे ढकलता येत नाही.

तुमचा आजार आणि तुमची औषधे इतरांपेक्षा वेगळी असू शकतात, म्हणून वरची माहिती घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोला आणि मगच तारीख ठरवा.

प्रवासाला शुभेच्छा!