स्वॉनेजच्या धक्क्याखालीं

उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मुलांस समजावून देण्यांत आमचीं कैक वर्षें गेलीं. परंतु उथळ पाण्याला धोकाहि असतो, हें आम्हांस गतवर्षीं आषाढांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कळून आलें.

डॉर्सेट परगण्यांतील स्वॉनेज हें गांव इंग्लिश खाडीच्या कांठीं वसलें आहे. येथील पहिला धक्का 1859-60 सालीं बांधला गेला, तो पर्बेकचा दगड जहाजांत भरण्यासाठीं. पुढें आगबोटींच्या उतारूंकरितां 1895 सालीं शेजारींच दुसरा लांकडी धक्का बांधावयास घेतला. पहिल्याचे आतां खुंटच उरले आहेत. दुसरा अद्याप उभा असून त्याच्या फळ्यांवर देणगीदारांनीं दिलेल्या नांवांच्या पितळी पट्ट्या आहेत. परंतु पाणबुडे येतात ते फळ्यांखालचें जग पाहावयास.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्याला हा नाद लागल्यापासून वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता. "भावजी, त्याला परावृत्त करूनच या," असें त्यांनीं निघतांना बजावलें होतें. आम्हीं विषय काढतांच तो हंसून म्हणाला, "काका, आपल्या परसांतली विहीर याहून खोल आहे!"

खरेंच, धक्क्याखालीं पाणी फार तर 5 मीटर. पण थंडी अशी कीं जाड रबरी पोषाखावांचून फार वेळ राहवत नाहीं. कारण पाणी हवेच्या सुमारें 25 पट वेगानें अंगांतील उष्णता ओढून नेतें. खालीं खांबांना शेवाळ व स्पंज लगडलेले असून, त्यांच्या फटींत डोळ्यांवर शाखायुक्त तुरे असलेला एक धीट मासा राहतो. मादीनें अंडीं घातल्यावर नरच त्यांची राखण करितो. त्याच लांकडाला अगदीं सूक्ष्म जलकीटक आंतून पोखरीत असतात, म्हणून खांबांची डागडुजी कधीं संपत नाहीं.

पुतण्या व त्याचा सोबती पाण्यांत उतरले. आम्ही फळ्यांवर बसून बुडबुड्यांच्या दोन रांगा पाहत होतों. कांहीं वेळानें सोबत्याचें डोकें एकटेंच वर आलें. त्या क्षणीं वहिनींचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. तोंच थोड्या अंतरावर पुतण्याहि सावकाश वर आला. तळचा गाळ उसळून दोघांची चुकामूक झाली होती. "नियमच आहे, काका," तो म्हणाला. "एक मिनिट शोधायचें, न सांपडल्यास दोघांनींहि हळूहळू वर यायचें, आणि श्वास मुळींच कोंडायचा नाहीं."

या शेवटच्या वाक्यानें आम्ही चपापलों. रॉबर्ट बॉइल यानें 1662 सालीं मांडलेला नियम आम्ही फळ्यावर किती वेळां लिहिला असेल! दर 10 मीटरांस एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे 5 मीटरांवर तो दीडपट. तेथें नळकांड्यांतून घेतलेला श्वास कोंडून कोणी वर धांवला, तर फुप्फुसांतील हवा दीडपट होऊं पाहते आणि फुप्फुस फाटतें. हेंच 30 वरून 25 मीटरांवर येतांना ती सप्तमांशानेंच वाढते. म्हणजे सर्वांत मोठा पालट पृष्ठभागाजवळच! मुलांना आम्हीं आंकडे दिले. त्यांतील जीव आम्हांसच कळला नव्हता.

प्राणायामांत पूरक, कुंभक, रेचक असा क्रम आम्ही मुंजीपासून पाळीत आलों. या पाण्यांत मात्र कुंभक वर्ज्य. त्या रात्रीं आम्हीं वहिनींना लिहिलें, "चिरंजीवाला परावृत्त केलें नाहीं. तो उथळ पाण्यास उथळ समजत नाहीं, एवढें स्वतः पाहिलें आहे." दुसऱ्या दिवशीं संध्येस बसलों असतां कुंभकाच्या वेळीं त्या बुडबुड्यांच्या दोन रांगा डोळ्यांपुढें आल्या, आणि श्वास आपोआप सुटला.