पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत



कुस्ती आणि कबड्डी आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. जत्रेचा आखाडा पाहतच आपण मोठे झालो. पण हल्ली आपल्या मुली तालुक्याच्या कॉलेजातून एक वेगळाच खेळ शिकून येतात. त्याचे नाव तायक्वांदो. घरच्या मंडळींना नाव नीट उच्चारता येत नाही, मग खेळ समजणार कसा? म्हणून आज पिकांचा विषय बाजूला ठेवून या खेळाविषयी चार गोष्टी सांगतो.

गेल्या खरिपात तुरीचे शेंडे खुडण्याचे प्रात्यक्षिक आटोपले. एक शेतकरी मागे रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पोरगी कॉलेजात लाथा मारायला शिकतीया. आता म्हणती, विद्यापीठाच्या संघात निवड झालीया, परगावी जायचंय. घरात म्हणत्यात, कॉलेज बंद करा आन् सोयरीक बघा. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणालो, "आबा, आधी खेळ काय आहे तो तर ऐका."

हा खेळ कोरियाचा. 'ते' म्हणजे पाय, 'क्वॉन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अमलाखाली होता. स्वातंत्र्यानंतर तिथे ठिकठिकाणी तालमी निघाल्या आणि १९५५ मध्ये या विद्येला तायक्वांदो हे नाव मिळाले. सोल आणि बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे १९८८ आणि १९९२ साली, तो प्रदर्शनापुरता होता. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला पदकाचा मान मिळाला.

लाथा मारणे म्हणजे मारामारी नव्हे. छातीला जाड कवच, डोक्याला टोप, एक खेळाडू निळा, दुसरा लाल. आखाड्यात उतरताना आपला पैलवान माती कपाळाला लावतो, तसे इथे दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करतात. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजयी. छातीवर ठोसा बसला तर एक गुण, लाथ बसली तर दोन, डोक्याला लागली तर तीन. गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला त्याहून जास्त. तोंडावर ठोसा मारायचा नाही, कमरेखाली लाथ मारायची नाही. नियम मोडला की गुण समोरच्याला जातो. कवचात आणि पायमोज्यांत विजेची यंत्रणा असते, त्यामुळे लाथ पुरेशा जोराने बसली की गुण आपोआप नोंदला जातो.

आता महत्त्वाची गोष्ट. जगभरच्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची क्रीडास्पर्धा दर दोन वर्षांनी भरते. पहिली १९५९ मध्ये इटलीतील ट्युरिनला झाली. २०२५ च्या जुलैत ती जर्मनीच्या ऱ्हाइन-रूर भागात झाली आणि तायक्वांदोच्या लढती एसेन शहरात झाल्या. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा. एसेनची मोठी झोलफेराइन खाण १९८६ साली बंद पडली. बापजाद्यांनी जिथे कोळसा खणला, त्या शहरात जगातली मुलेमुली खेळायला जमली. या स्पर्धेत विजेत्याच्या देशाचे राष्ट्रगीत वाजत नाही. सर्वांसाठी विद्यार्थ्यांचे एकच गीत वाजते. उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक मिळते.

पण या मैदानाची एक अट आहे. खेळाडू विद्यार्थी हवा, किंवा नुकताच पदवीधर झालेला. आधी आपल्या विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा, मग पुढचे दार. शिक्षण सोडले की हे दार बंद. मी आबांना एवढेच म्हणालो, "सोयरीक दोन वर्षांनीही जमेल. ही वाट मात्र दोन वर्षांनी उरणार नाही."

खरे तेही सांगायला हवे. सगळ्याच मुली जर्मनीला जात नाहीत. बहुतेकींचा प्रवास जिल्ह्यात नाही तर विद्यापीठात संपतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक प्रमाणपत्र चालत नाही. बियाण्याची पिशवी आपण टॅग पाहिल्याशिवाय घेत नाही ना? तसेच स्पर्धेची फी भरण्याआधी ती भरवणाऱ्या संस्थेला मान्यता आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. आणखी एक. हा खेळ वजनगटावर चालतो. गटात बसण्यासाठी मुली उपाशी राहतात. आयांनो, तिकडे लक्ष असू द्या. भाकरी, मोड आलेली मटकी, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, हे ताटातून कमी होऊ देऊ नका.

शेवटी या खेळातले मला सर्वांत आवडलेले सांगतो. यात कमरेच्या पट्ट्याच्या रंगावरून पायरी कळते, आणि जनरल चोई यांच्या परंपरेत त्या रंगांचे अर्थ शेतकऱ्याला लगेच पटावेत असे आहेत. पांढरा म्हणजे अजून काही न शिकलेला. पिवळा म्हणजे रोप मूळ धरते ती जमीन. हिरवा म्हणजे रोपाची वाढ. निळा म्हणजे झाड ज्याच्याकडे झेपावते ते आकाश. लाल म्हणजे सावधगिरी, आपल्या ताकदीला आवर घालणे. आणि काळा म्हणजे परिपक्वता.

वाचकहो, पीक हिरवे असताना उपटून कोणी बाजारात नेत नाही. पोरीच्या कमरेला सध्या कोणता पट्टा आहे, हे आज संध्याकाळी तिला विचारून पाहा. नुसते विचारलेत, तरी तिला पाणी पाजल्यासारखे होईल.