हुरड्याला आलेली उडती मंडळी

राहुरी, जानेवारी

प्रिय ताई,

तुझा फोन आला तेव्हा मोरीत ताटांचा ढीग पडला होता, म्हणून नीट बोलता आलं नाही. लेकाला उडायला शिकायचंय आणि "ही माणसं असतात तरी कशी?" एवढंच तुला विचारायचं होतं. तीच माणसं रविवारी आपल्या मळ्यात हुरड्याला होती. वाच आणि तूच ठरव.

आली सगळी जमिनीवरूनच. कोणी एसटीनं, कोणी जीपनं. विमानं शेतात उतरणार म्हणून वस्तीवरची पोरं सकाळपासून बांधावर बसली होती, ती पार हिरमुसली. पण इथून उडायचं नाव काढायची सोय नाही. एका अंगाला लष्कराची खारे-कर्जुन्याची फायरिंग रेंज, दुसरीकडे काकडीला शिर्डीचं विमानतळ. शिवाय यांच्यातले काही जण उडवतात ती ट्राइक दिसायला पाइप, कापड आणि मागं पंखा लावलेलं इंजिन एवढीच असली, तरी सरकारदरबारी तिची विमान म्हणूनच नोंद होते आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो. अमेरिकेत १९८२पासून ११५ किलोंच्या आतल्या, एकट्यानं उडवायच्या यंत्राला परवाना लागत नाही. हे सांगताना या मंडळींचा चेहरा शेजारच्या ताटातला हापूस बघितल्यासारखा होतो.

ज्वारी कृषी विद्यापीठाच्या वाणाची, फुले मधुर. आगटीत गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यात कणसं खुपसली. एरवी पाहुणे धूर चुकवत जागा बदलत बसतात. ही मंडळी धुराकडेच टक लावून! साडेदहापर्यंत तो जमिनीलगत सरपटत होता. अकराच्या सुमाराला सरळ वर चढायला लागला, आणि नांगरलेल्या रानावर दोन घारी पंख न हलवता चकरा घेत वर गेल्या. झालं, भाजलेली कणसं हातात तशीच आणि सगळ्यांच्या माना वर. काळं रान तापलं की त्यावरची हवा वर निघते, घार तिच्यावर फुकटात चढते. कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडर उडवणारे खूश झाले. ट्राइकवाले नाराज, कारण त्याच हवेत त्यांचं हलकं यंत्र गचके खातं. ते पहाटे उडून ऊन तापायच्या आत खाली येतात. यावर इतका वाद झाला की हुरडा गार व्हायला लागला, तेव्हा मी ओरडले. गार हुरडा कोणी खायचा?

आपल्या वाटेकरी आबांनी तुझ्या मनातलाच प्रश्न विचारला, "मोटार बंद पडली तर?" एकानं शांतपणे सांगितलं, की ट्राइक दगडासारखी पडत नाही, तरंगत येते, हजार फुटांवर असली तर साधारण दोन किलोमीटरच्या टप्प्यात जागा शोधायची. "मग उसात उतरा की, मऊ असतो," आबा म्हणाले. सगळे हसले. वरून ऊस हिरव्या गवतासारखा दिसतो म्हणे, आणि असतो दोन पुरुष उंच. त्यापेक्षा ज्वारी काढलेलं रान बरं, फक्त विजेच्या तारा नकोत.

तारांवरून आठवलं. एक तरुण पोरगा तारांखालून ट्राइक काढल्याची गोष्ट रंगवून सांगत होता. कोणी रागावलं नाही, कोणी हसलंही नाही. एका वयस्कर पाहुण्यांनी चटणीची वाटी पुढं सरकवत विचारलं, "तारा तुला आधी दिसल्या होत्या, का नंतर?" पोरगा गप्प. जेवणं होईपर्यंत तो फारसा बोलला नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे.

पिठलं-भाकरीला विजयपत सिंघानियांचा विषय निघालाच, या लोकांत तो निघतोच. १९८८मध्ये लंडनहून दिल्लीला मायक्रोलाइटनं, म्हणजे अशाच हलक्या विमानानं आले, २३ दिवसांत. २००५मध्ये सदुसष्टाव्या वर्षी मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून २१ किलोमीटर उंच गेले, आणि उतरले कुठं, तर सिन्नर तालुक्यात पंचाळ्याला! आबांना उंचीचं काही वाटलं नाही. ज्याच्या रानात फुगा पडला त्याच्या पिकाचं काय झालं, हे विचारत राहिले. मला तो प्रश्न रास्त वाटतो. या छंदाचा अर्धा भार कोणातरी शेतकऱ्याच्या रानावरच असतो.

पार्टी म्हणजे बाटली अशी गावाची समजूत, तीही मोडली. उडायच्या आधी बारा तास थेंब नाही, हा त्यांचा नियम. इथं कोणी उडणार नव्हतं, तरी ताकावरच भागलं.

तेव्हा लेकाला नाही म्हणू नकोस, पण फीही लगेच भरू नकोस. आधी त्याला नुसतं त्यांच्याबरोबर पहाटे मैदानावर जाऊ दे. पंख जोडायला, नटबोल्ट तपासायला हात लावू दे. एखाद्या दिवशी वारा वाईट निघेल, जोडलेलं सगळं पुन्हा सोडून, गुंडाळून, न उडता घरी यावं लागेल. त्या दिवशी दारात त्याचं तोंड बघ. आदळआपट न करता जेवायला बसला, तर पैसे भर.

तुझी,
धाकटी

ता.क. दह्याचं मोठं पातेलं तुझ्याकडेच राहिलंय. पुढच्या हुरड्याला येशील तेव्हा घेऊन ये, यंदा शेजारून मागावं लागलं.