एक पार्किंग, दोन ड्रायव्हर

इंग्लंडात पीसीएन नावाचे दोन वेगवेगळे प्राणी आहेत. पहिला म्हणजे पेनल्टी चार्ज नोटीस. ती कौन्सिल देते आणि तो खरोखरचा, कायद्याने ठरवलेला दंड असतो. दुसरा म्हणजे पार्किंग चार्ज नोटीस. ही एखादी खाजगी कंपनी देते आणि हा दंड नसून निव्वळ बिल असतं. तुम्ही आमच्या जागेत गाडी लावलीत, म्हणजे पाटीवरच्या अटी मान्य केल्यात, मग अट मोडलीत, आता पैसे काढा. बस, एवढाच अर्थ. आद्याक्षरं जुळली हा योगायोग म्हणावा तर पाकिटाचा थाटही तसाच असतो. गाडीचा फोटो, नंबरप्लेटचा क्लोजअप, ठळक अक्षरात १०० पौंड आणि खाली बारीकशी दया : १४ दिवसांत भरलेत तर ६०.

आमच्याकडे हे पाकीट आलं तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न होता, "व्हिसाचं काही होणार नाही ना?" पुढच्या वर्षी आमचा आयएलआरचा अर्ज आहे. इथे कायम राहायची परवानगी मिळायला पाच वर्षं घासलीयेत, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हापिसातल्या अर्ध्या देसी मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं : साठ पौंड फेक आणि मोकळा हो. नागपूरचा माझा एक टीममेट असे तीनदा मोकळा झालाय!

पण प्रकरण असं होतं की आम्ही जास्त वेळ गाडी लावलीच नव्हती. शनिवारी सकाळी बायको रिटेल पार्कमधल्या सुपरमार्केटला गेली, पाऊणएक तासात परत आली. मग मुलीचा पोहण्याचा क्लास, त्यासाठी गावातल्या कौन्सिलच्या पार्किंगमध्ये दोन तास. संध्याकाळी अचानक पाहुणे येणार असं कळलं म्हणून दूध-दही आणायला मी पुन्हा त्याच रिटेल पार्कला गेलो, वीस मिनिटांत बाहेर. कंपनीच्या पत्रात मात्र लिहिलं होतं : आत ९:१२, बाहेर ५:०३, मुक्काम ७ तास ५१ मिनिटं, परवानगी ३ तास.

म्हणजे सकाळी आत जातानाचा फोटो बायकोच्या फेरीचा, संध्याकाळी बाहेर येतानाचा माझ्या फेरीचा, आणि मधलं सगळं गायब. दोन फेऱ्या, दोन ड्रायव्हर, बिल एक. त्यातून कंपनीच्या अपीलच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न : "गाडी कोण चालवत होतं?" आता काय लिहू, सांगा!

सॉफ्टवेअरवाल्यांनी इथे जरा थांबावं कारण गंमत इथेच आहे. या जागांवर माणूस नसतो. फाटकावर नंबरप्लेट वाचणारा एएनपीआर कॅमेरा असतो. तो गाडी पार्क झालेली बघतच नाही, फक्त आत आणि बाहेर एवढ्या दोन घटना नोंदवतो आणि मागे बसलेला सर्व्हर त्यांच्या जोड्या लावतो. मागची गाडी अंगावर चिकटून आली, समोर उंच व्हॅन होती, कॅमेऱ्यावर ऊन आलं, की एखादं वाचन हुकतं. सकाळचं 'बाहेर' हुकलं तर यादीत उरतं : आत, आत, बाहेर. एकामागोमाग दोनदा 'आत' आलं म्हणजे मधे काहीतरी सुटलंय हे कॉलेजातल्या पोरालाही कळेल. पण पहिलं 'आत' आणि शेवटचं 'बाहेर' अशी जोडी लावली की बिल छापून तयार. हा दोष इतका जुना आहे की या धंद्यात त्याला 'डबल डिपिंग' असं नावच पडलंय. नोटीस पाठवण्याआधी माणसाने फोटो तपासावेत असं त्यांचीच नियमावली सांगते. आमच्या प्रोजेक्टवर असला बग तीन महिने राहिला असता तर क्लायंटने उभं केलं असतं. इथे बगचे पैसे क्लायंट भरत नाही, आपण भरतो, म्हणून कुणाला घाई नाही.

आणि त्यांना आपला पत्ता कुठून मिळतो? डीव्हीएलए, म्हणजे इथली आरटीओ समजा, एका नोंदीला अडीच पौंड घेऊन तो देते. २०२३-२४ या एका वर्षात पार्किंग कंपन्यांनी अशा एक कोटीहून जास्त नोंदी घेतल्या. पुण्यात टोइंगची गाडी स्कूटर उचलायची तेव्हा निदान समोर एक हवालदार असायचा, हुज्जत घालता यायची. इथे हुज्जत घालायला कोणी दिसतच नाही.

गणपतीत भेटलेल्या एका काकांनी दुसराच सल्ला दिला : "पाकीट फाडून टाक, काही करत नाहीत ते." काका वीस वर्षं इथे आहेत आणि त्यांचं औषध त्यांच्या काळात लागूही पडत असे. खाजगी कंपनीचा करार असतो ड्रायव्हरशी, आणि ड्रायव्हर कोण हे तिला माहीत नसायचं. १ ऑक्टोबर २०१२ ला प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट लागू झाला आणि इंग्लंड-वेल्समध्ये चित्र बदललं. खाजगी जागेत चाकाला कुलूप लावायला बंदी आली, आणि त्या बदल्यात ड्रायव्हर कळला नाही तर गाडीच्या नोंदणीवर ज्याचं नाव त्याच्याकडून, म्हणजे कीपरकडून, वसूल करायची मुभा कंपन्यांना मिळाली. पुढे २०१५ मध्ये बीव्हिस खटला आला. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कात बॅरी बीव्हिस दोन तासांच्या फुकट जागेत ५६ मिनिटं जास्त राहिले, ८५ पौंडांचं बिल आलं, आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. सहा विरुद्ध एक असे हरले. गाड्यांची ये-जा चालू राहावी यात जागामालकाचं रास्त हित आहे, पाट्या ठळक होत्या, रक्कम अवाच्या सवा नाही, असं बहुमत पडलं. तेव्हा पाकीट फाडलंत तर आधी वसुलीवाल्यांची पत्रं आणि वर ७० पौंडांची फोडणी, आणि मग खरोखरचा कोर्टाचा कागद येऊ शकतो. वसुलीवाले दार ठोठावून टीव्ही उचलून नेऊ शकत नाहीत, पण कोर्टाचा कागद बाजूला ठेवलात तर निकाल परस्पर तुमच्याविरुद्ध लागतो, आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्डवर बसतो. नंतर घराचं कर्ज मागायला जा म्हणजे समजेल.

माझं स्वतःचं मत विचाराल तर बीव्हिसचा निकाल मला पटतो. फुकटच्या जागेत कोणी तीन-तीन तास ठाण मांडलं तर पैसे पडावेत, नाहीतर आपल्याला जागा कुठून मिळणार? माझं भांडण वेगळं आहे. घड्याळ चुकलंय त्यांचं आणि सिद्ध करायचं मी, तेही सवलतीची मुदत डोक्यावर टांगून! आणि एकदा साठ भरले की अपील संपलं, म्हणजे घाबरणाऱ्याची तक्रार कुठे नोंदलीच जात नाही.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधलं. हा गुन्हा नाही, पोलिसांचा संबंध नाही, हा दोन पक्षांमधला दिवाणी पैशाचा वाद. ते ऐकून ती जरा सैलावली आणि मग पुरावे शोधायच्या कामाला माझ्यापेक्षा जास्त उत्साहाने लागली. सुपरमार्केटच्या पॉइंट्स कार्डवर दोन्ही खरेद्यांच्या वेळा निघाल्या. पण वेळेचा पुरावा माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी दिवसभर तिथेच होती आणि तुम्ही दोनदा चालत आलात, असंही ते म्हणू शकतात. मग तिलाच आठवलं : क्लासच्या वेळी कौन्सिलच्या पार्किंगचे पैसे ॲपवरून भरले होते. त्या पावतीवर आमच्याच गाडीचा नंबर, १०:५८ ते १२:५८. पार्किंगच्या बिलातून पार्किंगच्याच पावतीने सोडवलं म्हणायचं.

'कोण चालवत होतं' या रकान्यात कोणाचंच नाव लिहिलं नाही. कायद्याने कीपरला ते सांगण्याची सक्ती नाही. कीपर म्हणून लिहितोय एवढंच नोंदवलं आणि चार ओळीत वेळा मांडल्या. दहा दिवसांनी उत्तर आलं : आमच्या कॅमेऱ्यानुसार गाडी ७ तास ५१ मिनिटं होती, अपील अमान्य, ६० पौंडांची सवलत आणखी १४ दिवस. पावतीबद्दल चकार शब्द नाही! वाचलीच नसावी. पण पत्राच्या शेवटी एक कोड होता, तो महत्त्वाचा. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशनची सभासद असली की पॉपला नावाच्या त्रयस्थ मंडळाकडे २८ दिवसांत अपील करता येतं. आपल्याला फुकट, खर्च कंपन्यांचा. निकाल कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. (दुसऱ्या संघटनेच्या कंपन्यांसाठी आयएएस असतं, तेव्हा पत्रावर आधी शिक्का कोणाचा ते बघावं.)

पॉपलाकडे तेच चार ओळींचं आणि तीच पावती पाठवली. फक्त एक वाक्य वाढवलं : ९:१२ ते ५:०३ या वेळातल्या या नंबरच्या सगळ्या नोंदी दाखवा, अर्धवट वाचलेल्यासुद्धा. तीन आठवड्यांनी ईमेल आला, कंपनी नोटीस मागे घेत आहे. कारण नाही, दिलगिरी नाही. नोंदी तर नाहीच नाही.

हे सगळं कँटीनमध्ये सांगत होतो तर नागपूरवाल्याने खिशातून चौथं पाकीट काढलं. साठ पौंड भरायचं पान फोनवर उघडंच होतं. तारखा बघितल्या. गाडी लावली ३ तारखेला, काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं, आणि पत्रावर तारीख २१. पोस्टाने येणारी पहिली नोटीस १४ दिवसांत हातात पडली नाही तर २०१२ च्या कायद्याखाली कीपरकडून वसुली करता येत नाही, आणि ड्रायव्हर कोण हे त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्याने ते पान बंद केलं. रविवारी त्याच्याकडे अपील लिहायला बसतोय, वहिनींनी साबुदाण्याची खिचडी कबूल केलीये.