आजी बिअर पिते तेव्हा...

मंडळी, शीर्षक वाचून कुणी लगेच फोन उचलू नका. विशेषतः चिपळूणच्या वन्सं, तुम्ही. आधी शेवटपर्यंत वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

झालं असं, की गेल्या महिन्यात पुण्याला नातवाकडे गेले होते. शनिवारी संध्याकाळी तो म्हणाला, "आजी, तुला एके ठिकाणी नेतो. फक्त आईला सांगायचं नाही." (आता आई हे वाचणारच म्हणा!) ते ठिकाण म्हणजे एक मायक्रोब्रुअरी. जिथे बिअर तयार होते तिथेच बसून ती प्यायची. काचेपलीकडे दूध डेअरीत असतात तशा स्टीलच्या टाक्या. तिथे बिअर बनवणारा मुलगा जेमतेम तिशीचा होता. मी शाळेत शिकवत होते हे कळल्यावर तो उत्साहाने आमच्या टेबलाशीच येऊन उभा राहिला.

तो सांगत होता, आधी जव भिजवून मोड आणायचे, मग ते सुकवायचे. (आपण नाचणीचं सत्त्व करतो, अगदी तसंच सुरू होतं हो!) मग भरडून गरम पाण्यात ठेवायचे, म्हणजे पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं, निववायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. पुढचं काम यीस्टचं. चोथा वाया जात नाही, गुरांना चालतो.

लाकडी फळीवर चार छोटे पेले आले. फिक्यापासून गडदाकडे जायचं म्हणे. पहिली गव्हाची. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास! मी विचारलं, "केळं घातलंय का?" तर म्हणाला, नाही, हा वास यीस्टच तयार करतं. दुसरी आमसुलाची, आंबट आणि किंचित खारट. हसू नका, पण मला ती आवडली. तिसरी आयपीए, कडू किराईताची आठवण करून देणारी. पूर्वी विलायतेहून हिंदुस्थानात बोटीने येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत, कारण त्यांनी ती टिकते, त्या परंपरेतली ही. चौथी काळी, स्टाउट. करपवून भाजलेल्या धान्यामुळे कॉफीसारखी लागते. प्रत्येकीचे दोन-दोन घोट घेतले, बाकीचं नातवाने संपवलं.

नातवाने आणखी एक गंमत सांगितली. महाराष्ट्रातली अशी पहिली ब्रुअरी पुण्यात २००९ साली सुरू झाली, तिचं नाव 'डूलाली'. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ती काढली आणि बिअर बनवायला ऑलिव्हर शॉफ हे जर्मन तज्ज्ञ होते. आता 'डूलाली' म्हणजे काय? तर आपली नाशिकजवळची देवळाली! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोल्जर तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून असत आणि कंटाळून त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेडं होण्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. जन्मभर भाषा शिकवली, पण हे मला ठाऊक नव्हतं.

असो. इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण तो मुलगा सांगत होता, "आज्जी, ही ताजी आहे, जिवंत आहे, हिच्यात बाहेरचं काही नाही," आणि मला एकदम १९७६ साल आठवलं.

तेव्हा मी बी.ए. होऊन गुहागर तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात नुकतीच नोकरीला लागले होते. पाचवीच्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा यायचा. कारण विचारलं तर म्हणाला, "बापाशीबरोबर माडावं जातंव, बाई. माडी काढूक." वर्ग खो खो हसला. मी वर्गाला गप्प केलं, पण त्याला जवळ बोलावून म्हटलं, "कुणी विचारलं तर शेती सांगायचं." आणि रजिस्टरात पालकाच्या व्यवसायापुढे मी माझ्या हाताने 'शेती' लिहिलं. आपण त्याची लाज झाकली, असं वाटून मला समाधानच वाटलं होतं.

खरं तर त्याच्या बापाचं काम काय कमी कसबाचं होतं? पहाटे आणि संध्याकाळी पुन्हा सरळसोट माडावर चढायचं, पोय बांधायची, कोयत्याने तिचा बारीक काप काढायचा, खाली मडकं अडकवायचं. रस उतरतो तो गोड, ती नीरा. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट तिला काही तासांतच फसफसवतं, तीच माडी. उशीर झाला की आंबून तिचा शिरका होतो. तीही ताजी, तीही जिवंत, नशाही साधारण बिअरइतकीच. पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय माड छेदणं हा गुन्हा ठरला. आणि कायद्याने केलं नाही तेवढं आम्ही पांढरपेशांनी नाक मुरडून केलं.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मी शिक्षिका म्हणून खूप पाहिली आहेत. दारूचं कौतुक मला करायचं नाही आणि दुसऱ्यांदा पेला हातात धरेन असंही नाही. पण पुण्यातल्या त्या मुलाला मी "किती छान समजावून सांगतोस रे!" म्हणाले. ते वाक्य त्या पोराच्या बापाला कधी म्हटलं नाही. त्याला कधी विचारलंच नाही, तुमचं काम कसं चालतं म्हणून.

सावर्ड्याला परत आल्यापासून हे डोक्यातून जात नाही. तो मुलगा आता साठीचा असेल. कुठे आहे, मला माहीत नाही. शाळेचं ते रजिस्टर काही मला आता दुरुस्त करता यायचं नाही. निदान इथे करते. पालकाचा व्यवसाय : माडी काढणे.

आता करा फोन.