गारठलेलें इंजिन

आमच्या दख्खनच्या पठारावरील हिवाळा म्हणजे सकाळीं विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसावी, आवारांत शेकोटी पेटावी आणि पहिल्या तासाला मुलांनीं हात काखेंत धरून बसावें, एवढाच. खरी थंडी म्हणजे काय, हें आम्हांस २०२२ सालच्या नाताळांत लडाखमध्यें कळलें. तेथें एका ट्रकच्या इंजिनानें आम्हांस जो धडा दिला, तो विद्यार्थ्यांच्या कानांवर घालावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे धाकटे बंधू त्या वर्षीं नोकरीनिमित्त कारगिल येथें होते. नाताळ त्यांच्या घरीं करावा, या हेतूनें आम्ही विमानानें लेहला उतरलों. पुढें जाण्यास दुसरें वाहन मिळेना, तेव्हां बंधूंच्या परिचयाच्या एका वयस्क लडाखी चालकानें आम्हांस आपल्या ट्रकमध्यें शेजारीं जागा दिली. वाटेंत लामायुरू येथें मुक्काम पडला. दुसरा दिवस २४ डिसेंबरचा. सायंकाळच्या आंत कारगिल गांठावयाचें, आणि वाटेंत ४,१०८ मीटर उंचीची फोटू ला ही खिंड ओलांडावयाची होती.

निजण्यापूर्वीं चालकानें जें केलें, तें पाहून आम्हांस हसूं आलें. गाडीचें तोंड त्यानें भिंतीकडे करून ठेविलें, पुढल्या जाळीवर जुनी रजई बांधिली, आणि निजलेलें मूल उचलून न्यावें तशा दोन्ही बॅटऱ्या एकेक करून घरांत नेऊन बुखारीपाशीं ठेविल्या. बुखारी म्हणजे तिकडची खोली ऊबदार ठेवणारी लोखंडी शेगडी.

पहांटे पारा शून्याखालीं अठरा अंशांवर होता, आणि आमचें हसूं मावळलें. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवेस दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि त्या उष्णतेनेंच डिझेल पेट घेतें. परंतु सभोंवारचें लोखंड गारठलेलें असलें, म्हणजे ती उष्णता तें लोखंडच पिऊन टाकतें. इंजिनांतील तेल काकवीसारखें घट्ट होतें, बॅटरीचें बळ निम्म्यावर येतें, आणि साध्या डिझेलांतील मेण गोठून गाळणी तुंबते. २०१९ सालीं इंडियन ऑईलनें उणें ३३ अंशांपर्यंत न गोठणारें हिवाळी डिझेल लडाखसाठीं काढलें, तेव्हांपासून ही शेवटची अडचण पुष्कळ कमी झाली. त्यापूर्वीं आपण गाळणीवर कढत पाणी ओतीत असूं, असें चालकानें सांगितलें.

त्यानें घमेल्यांत निखारे घेऊन ते तेलाच्या भांड्याखालीं सरकविले. हें काम धोक्याचें. म्हणून अर्धा तास तो वाळूची बादली घेऊन तेथेंच उकिडवा बसून राहिला. मग निखारे दूर करून त्यानें ऊबदार बॅटऱ्या जोडल्या. तिसऱ्या खेपेस इंजिन कण्हलें, पांढरा धूर ओकलें आणि सुरू झालें.

"चला, आतां द्या जोर!" आम्ही उतावीळपणें म्हणालों.

"नाहीं, मास्टरजी," तो शांतपणें हिंदींत म्हणाला, "तेल अजून सगळीकडे पोंचलें नाहीं. आतां दाबलें, तर लोखंड लोखंडाला खाईल."

ब्रेकच्या टाक्यांत हवेचा दाबही भरावयाचा होता; त्यावांचून गाडी हलवितां येत नाहीं. आम्ही गप्प बसलों. थोड्या वेळानें शहाणपण दाखवावें म्हणून आम्ही म्हणालों, "मग तासभर उभी राहूं द्या, चांगली तापूं द्या."

तो हंसला. "उभ्यानें ही तापत नाहीं. हलक्या कामानें तापते."

तें खरेंच होतें. नुसत्या उभ्या इंजिनांत डिझेल थोडें जळतें, आणि म्हणून ऊबही थोडीच निर्माण होते. रजई तशीच ठेवून, खालच्या गिअरमध्यें, पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीनें त्यानें गाडी काढली. उष्णतेचा कांटा हळूहळू मध्यावर आला, तेव्हां खालीं उतरून त्यानें रजई सोडली, आणि मग कोठें गाडी खऱ्या जोरानें चढूं लागली.

त्या चढावर आम्हांस एका मुलाची आठवण झाली. कांहीं वर्षांपूर्वीं तो दूरच्या वाडीवरून पांच किलोमीटर पायीं चालत आमच्या वर्गांत येत असे. हिवाळ्यांत तो सर्वांच्या मागून पोंचे, आणि उशिरा आला म्हणून पहिला प्रश्न आम्ही त्यालाच विचारीत असूं. तो उभा राही; ओठ हालत, शब्द निघत नसे. आम्ही आवाज चढवीत असूं, वर्ग हसे. पुढें आम्ही कंटाळलों, त्यास शेवटच्या बांकावर बसविलें, आणि वर्षभर त्यास कांहींच विचारलें नाहीं. हीच आमची दया, असें आम्हांस वाटलें. प्रगतिपुस्तकांत "मंद" असा शेरा आम्हींच लिहिला. पुढल्या जूनमध्यें तो आला नाहीं. कां आला नाहीं, हें विचारावयास आम्ही त्याच्या घरीं गेलों नाहीं.

आधीं आम्हीं एकदम जोर लावला, आणि मग नुसतें उभें करून ठेविलें. ट्रकचालकाला ज्या दोन्ही चुका ठाऊक होत्या, त्या आम्ही पदवीधर शिक्षकानें एका लेंकराच्या बाबतींत केल्या.

दिवे लागतां लागतां आम्ही कारगिलला पोंचलों. बंधू दारांतच उभे होते. सणाचा आनंद झाला, पण त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं.

आतां हिवाळ्यांत पहिल्या तासाचीं दहा मिनिटें आमचा वर्ग एक पान एकत्र मोठ्यानें वाचतो. त्यानंतर सोपे प्रश्न, मग अवघड. शेवटच्या बांकावरील मुलास रोज एक तरी प्रश्न विचारावयाचाच, असा नेम आम्हीं केला आहे. विद्यार्थ्यांनो, तुमचा एखादा सोबती उत्तर देतांना अडखळला, तर त्यास हसूं नका.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. हें पान कधीं त्याच्या हातीं पडलें, तर त्यानें आम्हांस क्षमा करावी, एवढेंच मागणें आहे.